साडूंची पाहणी

मुलीच्या लग्नाला होकार देण्याआधी मुलाचा पगार, पत्रिका, रक्तगट यांतलं काहीही न विचारता त्याच्या घरी चहाचे कप कोण विसळतं एवढंच बघायला गेलेला बाप साऱ्या जगात एकच असणार, आणि तो माझा साडू आहे. डोंबिवलीत राहतात. कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचे. निवृत्तीनंतर विद्यार्थी सुटले, पण शास्त्र सुटलं नाही, म्हणून आता ते आम्हा नातेवाइकांवर चालवतात. बारशाला गेले की यांचं लक्ष पाळण्याकडे कमी आणि भेटवस्तूंकडे जास्त. मुलीला भातुकली नि मुलाला बॅट दिसली की संपलंच. "जन्माला मूल येतं, मुलगा नि मुलगी आपण घडवतो," असं माझ्या नातवाच्या बारशात पेढा खाता खाता सगळ्यांना सुनावून त्यांनी त्याला पोळपाट-लाटणं दिलं, आणि तो पठ्ठ्या अजून बाकी सगळी खेळणी सोडून त्याच्याशीच खेळतो. लग्नांत बायका शेवटच्या पंगतीला का बसतात, यावर त्यांची वर्षानुवर्षं पाहणी चालू होती. मग बुफे आला आणि पाहणी बुडाली. बदल हवाच होता, पण त्याने जरा सांगून यायला हवं होतं, असं ते अजून हळहळत म्हणतात.

घरातही तेच. एकदा घरकामाच्या वाटणीवर माझ्या मेव्हणीची, म्हणजे स्वतःच्याच बायकोची, रीतसर मुलाखत घ्यायला बसले. ती म्हणाली, उत्तरं देते, पण आधी ही गवार निवडा. तेव्हा निवडायला बसले ते आजतागायत निवडतायत. याला ते सहभागी निरीक्षण म्हणतात. मेव्हणी भाजी निवडणं म्हणते.

त्यांच्या मुक्ताने आपलं लग्न आपणच ठरवलं. मुलगा निनाद, ठाण्याचा, टेंभी नाक्याजवळ घर. साडूंना मुलगा आवडला. पण मुलाखतीत काय, सगळेच पुरोगामी असतात, खरं वर्तन घरात बघायला हवं, असं त्यांचं म्हणणं. मुक्ताचंही एक म्हणणं होतं : बाबा मनापासून हो म्हणाले तरच लग्न. असे आम्ही सगळे ठाण्याला गेलो.

पोहे झाले, चहा झाला. बोलणं हॉलच्या तारखांवर येतंय तोच साडू आपला रिकामा कप घेऊन उठले आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन सिंकपाशी उभे राहिले. कप ठेवतही नव्हते, विसळतही नव्हते, नुसते उभे. होणारा व्याही उष्टा कप हातात धरून आपल्या सिंकपाशी ताटकळतोय हे बघून निनादचे वडील असे गडबडले, की धावत जाऊन त्यांनी तो कप जवळजवळ हिसकावला आणि विसळून टाकला. त्या भरात बाकीचेही उचलून नेले. त्यात माझा तर अर्धा भरलेला होता. निनादची आई दारातून हे बघत होती. तिला हसू आवरेना. म्हणाली, "येत जा हो अधूनमधून. तुम्ही आलात की ह्यांना कामं सुचतात."

सगळे खळखळून हसले, निनादचे वडीलसुद्धा. एकटे साडू तोंड पाडून बसले. घरी आल्यावर म्हणाले, सगळी पाहणी वाया गेली. मी उभा होतो म्हणून त्यांनी कप विसळला, मी नसताना काय होतं ते कळलंच नाही, मग होकार कशाच्या आधारावर देऊ? पुन्हा एकदा न सांगता जावं का, असंही त्यांनी मला विचारलं. मी हात जोडले. मुक्ता आधी चिडली, "बाबा, तुम्ही त्यांच्या किचनमध्ये घुसलात," म्हणाली, आणि मग बोलेनाशीच झाली. निनादचे फोनही ती गॅलरीत जाऊन, हळू आवाजात घ्यायला लागली.

शेवटी मेव्हणी बोलली. मी समोरच होतो. आवाज चढवला नाही, रोजच्यासारखंच बोलली. "मी तुम्हाला होकार दिला तेव्हा तुमच्या घरात एकही पुरुष कप उचलत नव्हता. तुम्हीसुद्धा नाही. मग मी काय बघून आले असेन?"

आणि उत्तरही तिनेच दिलं, "माणूस ऐकून घेणारा वाटला. बाकीचं हळूहळू होईल म्हटलं."

साडू उठले आणि मुक्ताच्या खोलीच्या दाराशी जाऊन म्हणाले, "निनादला जेवायला बोलाव. मी काही बघणार नाही."

लग्न झोकात झालं. मुलगी ही दान द्यायची वस्तू नव्हे म्हणून कन्यादान झालं नाही, आणि पाठवणीत रडण्याची अपेक्षा वधूपक्षाकडूनच का, हे गुरुजींना समजावता समजावता साडू स्वतःच हुंदके द्यायला लागले. गुरुजींनी त्यांना पाणी दिलं.

आता मुक्ता ठाण्यात रमलीय. साडू तिला रोज संध्याकाळी फोन करतात. तिथे स्वयंपाक कोण करतं, भांडी कोण घासतं, यातलं ते काही विचारत नाहीत. "जेवलीस का गं?" एवढंच विचारतात. ती हो म्हणते. मग फोन ठेवून मेव्हणीला सांगतात, जेवली म्हणे.