दहा पावलांवरचं माहेर

आर्वी तालुक्यात माझ्या सासऱ्यांएवढा हट्टी माणूस झाला नाही, आणि हे मी स्वतःला धरून सांगतो. दुसरीत शाळा सोडली तेव्हापासून मी कोणाचं ऐकलेलं नाही, पण या म्हाताऱ्यापुढं हात टेकले.

स्वराज्य येऊन पाच-सात वर्षं झाली असतील. सासूबाई गेल्या, मुलगा नाही, डोळ्यांनी अंधुक दिसे, म्हणून मी त्यांना ज्वारीच्या पोत्यासकट बैलगाडीत घालून आमच्या रोहण्याला आणलं. बायकोनं पाण्याचा गडवा पुढं केला, तर म्हणाले, "लेकीच्या घरचं पानी आपल्या घरान्यात कोनी पेलं नाई, पोरी." दोन दिवस शेजाऱ्याच्या विहिरीवर तहान भागवली आणि खिशातले फुटाणे खाल्ले. बायकोही जेवेना. तिसऱ्या दिवशी मी गोठ्याला लागून एक खोपटं उभं केलं, अंगणात कपाशीच्या पऱ्हाट्यांची कुपाटी, म्हणजे कुंपण, घातली आणि म्हटलं, "मामाजी, कुपाटीपलीकडं तुमचं घर. भाडं मात्र द्या लागन." म्हातारा खूश. भाडं म्हणून तो अंबाडीचे दोर वळून देऊ लागला. माझे बैल दोन, दोर बावीस झाले.

बायको रोज त्यांच्या भाकरी टाकायला जायची. "माहेरी जाऊन येतो," म्हणायची, आणि कुपाटी ओलांडली की डोक्यावरचा पदर खाली. त्यांच्या पोत्यात ती गुपचूप आमची ज्वारी ओतायची. पोतं दोन वर्षं संपलं नाही, अन् म्हातारा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, आमच्या गावच्या ज्वारीले बरकतच तशी हाये. मी इकडं बैल धूत असलो की तिकडून खणखणीत आवाज यायचा, "जवाई तरास त नाई देत ना तुले?" उत्तर द्यावं तर दुसऱ्याच्या घरातलं बोलणं. पोळ्याला कुपाटीशी उभे राहून हाक मारत, "जवाईबापू, जेवाले येजा." मग मी धुतलेलं धोतर नेसून दहा पावलं चालत सासुरवाडीला जायचो.

एका पावसाळ्यात ते तापानं पडले. खोपटं गळत होतं, पण आमच्या घरात यायला तयार नाहीत. "मरन आलं त आपल्या घरी येऊ दे," म्हणाले. बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी भर पावसात कुपाटी उपटली, आमच्या घराच्या पलीकडं, रस्त्याच्या कडेला नेऊन रोवली आणि बाहेरूनच ओरडलो, "मामाजी, आता समदं घर तुमच्या हद्दीत."

म्हाताऱ्यानं डोळे बारीक करून पाहिलं. "मंग तुमी कुठं राह्यसान?"

"तुमच्याइथं. ठेवसान त."

घरजावई हा शब्द माझ्यासमोर काढायची गावात कोणाची छाती नव्हती. त्यांनी तो सावकाश काढला. "घरजवाई आपल्या घरान्यात कोनी ठेवला नाई." मग म्हणाले, "पन या आत. भिजून राह्यले तुमी."

त्या दिवशी ते आमच्या चुलीपाशी टेकले आणि लेकीच्या हातचा गडवा तोंडाला लावून रिकामा केला. पुढं तीनच आठवडे ते मला पोसत होते.

आता बायकोही नाही. लेक बोरगाव मेघ्याला असते. येऊन राहा म्हणून जावई दर महिन्याला चकरा मारतो, मी नाहीच म्हणतो. मागच्या खेपेला मात्र त्याच्या अंगणात जागा किती आहे, ते विचारून ठेवलं.