निळ्या शर्टातला गडी

एम्ब्रॉयडरी मशीनचं कार्ड जळालं की पर्वत पाटियाच्या आसपासचे कारखानेवाले मयुरीकडे येतात. एका कापड मार्केटच्या तळघरात, जिन्याखाली तिचं टेबल आहे. डोळ्याला भिंग लावून ती कार्ड तपासते, गेलेली चिप काढते, नवी बसवते, आणि फारसं बोलत नाही. तिशी उलटली, लग्न केलेलं नाही. लिंबायतमध्ये आई भागीरथीबरोबर राहते. वडील उखा आयुष्यभर कापडाच्या लूमवर उभे राहिले आणि करोनाच्या आदल्या वर्षी गेले.

दिवाळी झाल्यावर तिच्याकडे एक वेगळंच गिऱ्हाईक आलं. वेसूकडे त्याचं नवं कॅफे होतं. त्याला तिथे लहानपणी होतं तसं उभ्या पेटीतलं व्हिडिओ गेमचं मशीन हवं होतं. "जूनुं लागवुं जोईए, बेन," तो गुजरातीत म्हणाला. आत काहीही घाला, बाहेरून मात्र जुनंच दिसलं पाहिजे. त्याने ऐकलं होतं की तळहाताएवढ्या एका पाटीच्या संगणकावर आता ते सगळे खेळ चालतात. खरंच चालतात. रास्पबेरी पाय म्हणतात त्याला. मयुरीने तो दुसऱ्या कामांसाठी वापरलेला होता. नाही म्हणायचं असं तिच्या मनात आलं होतं. पण तोंडातून हो निघालं.

तिच्या मनात 'नाही' यायला कारण होतं.

लिंबायतमध्ये त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी निंबाकाकाचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. दाराला जाड पडदा, आत अंधार, आणि मुलींनी तिथे पाऊल ठेवायचं नाही हा न सांगता पाळलेला नियम. मयुरीचा मोठा भाऊ योगेंद्र सगळा वेळ तिथेच. आई मयुरीला पाठवायची, जा, दादाला जेवायला बोलव. ती पडद्याबाहेर उभी राहायची आणि तो "आलो, आलो" म्हणत आणखी एक डाव खेळायचा. त्यामुळे तो खेळ तिने कधी पाहिला नाही, पण तिला तो पाठ होता. सुरुवातीची धून, ठोसा बसल्याचा आवाज, पडणाऱ्या माणसाचं ओरडणं, जीव संपल्यावरची उतरती सुरावट. योगेंद्र घरी येऊन तिला सांगायचा की त्यात दोन भाऊ असतात, एक लाल शर्टातला, एक निळ्या शर्टातला, आणि ते गुंडांना मारत मारत शहराच्या शेवटापर्यंत जातात. तो कायम निळा घ्यायचा.

तो सतरा वर्षांचा असताना खाडीचं पाणी गल्लीत शिरलं. दुकानात घोट्याएवढं पाणी झालं तेव्हा निंबाकाकाने पोरांना हाका मारल्या, की मशीनखाली विटा सारू. घाईत मेन स्विच कुणी पाडला नाही. योगेंद्रने मशीनच्या लोखंडी झडपेला, जिच्यात नाणं टाकतात तिला, धरून जोर लावला. मयुरी तेव्हाही पडद्याबाहेर होती, समोरच्या ओट्यावर, त्याला बोलवायला आलेली. आतून माणसं ओरडत होती, आणि त्या ओरडण्याखालून खेळाची धून चालूच होती. कुणीतरी मेन पाडेपर्यंत ती चालू होती.

त्यानंतर निंबाकाकाने दुकान बंद केलं. भागीरथीने त्याचं नाव पुन्हा उच्चारलं नाही. तो गल्लीतून गेला की ती पदर सारखा करून आत जायची, एवढंच.

कॅफेवाल्यासाठी मयुरीने भंगार बाजार पालथा घातला. जुनी पेटी कुठेच मिळेना. एक होती, आणि ती कुठे होती हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नवी पेटी सुताराकडून करून घेता आली असती. तरी एका रविवारी ती निंबाकाकाच्या दारात जाऊन उभी राहिली.

निंबाकाका आता थकला होता. त्याने तिला ओळखलं आणि बसायला खुर्ची दिली. तिने काय हवं ते सांगितलं. मग त्याने माळ्याकडे बोट दाखवलं.

"बाकीना इकी टाकात," तो म्हणाला. बाकीची विकली. "हाई कोनले देवाना जीव नही व्हयना. लई जाय, पोर."

टेम्पोतून पेटी घरी आली. बाजारातल्या जागेत ती मावणार नव्हती, म्हणून घरीच काम करायचं ठरलं. आईला तिने सांगितलं, "भेस्तानच्या भंगारातून आणली." भागीरथीने पेटीकडे पाहिलं. मग ओलं फडकं आणलं आणि वरपासून खालपर्यंत ती पुसून काढली. झडपेपाशी तिचा हात जरा हळू झाला, असं मयुरीला वाटलं. पण तिने पुढे विचार केला नाही.

संध्याकाळी कामावरून आल्यावर ती पेटीत डोकं घालून बसायची. जुनी पिक्चर ट्यूब आणि किडलेली वायरिंग काढली. सपाट स्क्रीन लावला. मधल्या फळीवर रास्पबेरी पाय बसवला, त्याच्या पिनांपासून दोन्ही खेळाडूंच्या दांड्यांना आणि बटणांना तारा ओढल्या. लोखंडी झडप तिने उलटसुलट तपासली, तिला हिरवी अर्थिंगची तार जोडली, तीन पिनांचा प्लग लावला. या बाबतीत ती हयगय करत नाही. करणार तरी कशी?

पहिल्यांदा मशीन सुरू केलं आणि ती धून वाजली. डोळ्यांना सगळं नवं होतं. लाल शर्टातला गडी तिच्या कल्पनेपेक्षा बुटका निघाला. पण प्रत्येक आवाज आधी कानात वाजायचा आणि मग पेटीतून यायचा. ती खेळली नाही. बटणं चालतात एवढं बघून तिने मशीन बंद केलं आणि मागे वळली, तर दारात आई उभी होती.

"बंद का कयं?" भागीरथी म्हणाली. "ऱ्हाऊ दे चालू."

दोन-तीन दिवसांनी तो आला.

मयुरी लाल गड्याला चालवून दांडीची दिशा तपासत होती. तपासणीसाठी तिने नाण्याची अट काढून टाकली होती, नुसतं बटण दाबलं की खेळाडू आत येई. दुसऱ्या बाजूची दांडी आणि बटणं मोकळी होती. कुणी हात लावला नव्हता. तरी पडद्यावर निळ्या शर्टातला गडी उतरला, दोन पावलं पुढे गेला, हवेत एक ठोसा मारला आणि उभा राहिला. मग पुन्हा दोन पावलं.

मयुरीला कारण माहीत होतं. पिनेला जोडलेली तार लांब असली आणि आजूबाजूला विजेचा गोंगाट असला, की संगणकाला न दाबलेलं बटण दाबल्यासारखं वाटतं. त्यांच्या घराच्या भिंतीला लागूनच लूमचं खातं, म्हणजे कारखाना, होतं. तिथल्या मोटारी दिवसभर धडधडत. हे सगळं तिला माहीत होतं, आणि तरी ती दुसऱ्या बाजूच्या दांडीकडे पाहू शकली नाही.

भागीरथीने पाहिलं. ती येऊन स्टुलावर बसली, निळ्या गड्याच्या बाजूला.

त्या दिवसापासून तिचा नेम सुरू झाला. स्वयंपाक आटोपला की ती मशीन लावायला सांगे आणि स्टुलावर बसून राही. खेळायची नाही. एक हात लोखंडी झडपेवर ठेवून नुसती बघायची. निळा गडी कधी लगेच येई, कधी बराच वेळ येत नसे. आला की तिचे खांदे जरा सैल होत. कुणाचं नाव तिने घेतलं नाही. मयुरीनेही विचारलं नाही. कॅफेवाल्याचे फोन येत होते. ती म्हणे, थोडं काम बाकी आहे. तारा आखूड केल्या असत्या, दोन रेझिस्टर लावले असते, तर अर्ध्या तासाचं काम होतं. ती सोल्डरिंग गन हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची.

खात्याला सुट्टी होती त्या दिवशी मयुरीने मशीन लावलं, तर आई आलीच नाही. तांदूळ निवडत बसली.

"आज नही ये तो," भागीरथी म्हणाली. "आज सुट्टी शे ना."

आईलाही कळलं होतं म्हणजे. लूम बंद तर तोही बंद. कळूनही ती रोज बसत होती.

मग आई तांदळातला खडा बाजूला टाकत सहज बोलून गेली, "पन बाकीना दिवस तो हातले लागस. मुंग्या येतस हातले. झडपेवर हात ठेवा की समजस, तो शे."

मयुरी उठली. मशीनपाशी जाऊन तिने बोटांच्या पाठीने झडपेला हलकेच स्पर्श केला. बारीक झिणझिण्या आल्या. तिने टेस्टर टेकवला. आतला दिवा मंद, पण नक्की पेटला.

तिने प्लग उपटला आणि भिंतीतला सॉकेट खोलला. योगेंद्र गेल्यावर वडिलांनी घरातले सगळे दोन पिनांचे सॉकेट काढून तीन पिनांचे बसवून घेतले होते. एका वायरमनला बोलावलं होतं, दिवसभर त्याच्या डोक्याशी उभे राहिले होते. "आपला घरमा आते भ्याव नही," असं ते पुढे कित्येक वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. तिसऱ्या भोकामागे काहीच नव्हतं. पितळी चिमट्याला तारच नव्हती. तिने दुसरा सॉकेट खोलला, मग स्वयंपाकघरातला. कुठेच नव्हती. सगळं घर इतकी वर्षं नुसत्या दिखाव्यावर झोपत होतं. तिने नीट जोडलेली हिरवी तार कुठेच जात नव्हती, आणि जो करंट जमिनीत उतरायचा तो झडपेवर साचून आईच्या हाताला लागत होता.

"माय, यात करंट उतरतोय," ती म्हणाली. "आता हात लावायचा नाही."

"थोडासाच शे."

"त्यालाही थोडासाच वाटला असेल."

हे बोलल्यावर ती स्वतःच दचकली. घरात ही गोष्ट इतक्या उघडपणे कधी कुणी बोललं नव्हतं. भागीरथीने ताट खाली ठेवलं.

"भेस्तानना भंगारनी नही ही," ती म्हणाली. "माले पहिल्याच दिवशी समजनं."

"तू ती कधी पाहिली होतीस?"

"त्याले बाहेर काढं, तव्हय मीच आत गयथू." भागीरथी थांबली. "त्यानी एक चप्पल सापडत नव्हती. ती शोधाले गयथू. मशीन तठेच व्हतं. पानी व्हतं. चप्पल त्यानाखाले."

मयुरीला चपलेचं माहीत नव्हतं. ती आईजवळ खाली बसली.

"मग आणल्यावर काही बोलली का नाहीस?"

"तू काम करी ऱ्हायंती," भागीरथी म्हणाली. "आनि माले वाटनं, ऱ्हाऊ दे. घरमा तं उना." घरात तरी आला.

दुसऱ्या दिवशी मयुरीने कामावरून सुट्टी घेतली. घरामागच्या बोळात मजूर लावून खोल खड्डा खणला, कोळसा आणि मीठ भरून पाइप गाडला, तिथून जाड तार आत आणून एकेका सॉकेटला जोडली. भागीरथी दारात उभी राहून पाहत होती. तिने विचारलं, "मग आते तो येवाना नही?"

विजेचा गोंगाटही आता त्याच तारेने जमिनीत जाणार होता, पण मयुरी खोटं बोलू शकली असती. "बहुतेक नाही," ती म्हणाली.

संध्याकाळी मशीन लावलं. भिंतीपलीकडे लूम पूर्ण जोरात होते. टेस्टरचा दिवा पेटला नाही. भागीरथीने झडपेवर तळहात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. लोखंड नुसतं गार होतं. लाल गडी एकटाच गल्लीत उभा होता. गुंड येऊन त्याला मारून गेले, त्याचा जीव संपला, सुरावट उतरली, आणि खेळ पहिल्यापासून सुरू झाला. निळा आला नाही. भागीरथी उठली आणि तिने भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

कॅफेवाल्याला मयुरीने सुताराकडून नवी पेटी करवून दिली. रंग खरवडून, कडा घासून तिला जुनी केली. तो खूश झाला. निंबाकाकाची पेटी घरातच राहिली. ती कुठे न्यायची याबद्दल मायलेकी बोलल्या नाहीत.

पौषात एकदा मयुरी लवकर घरी आली तर आतून तो खेळ ऐकू येत होता, आणि ठोसे दोन वेगवेगळे होते. ती दारातच थांबली. पडद्यावर लाल आणि निळा असे दोघं चालले होते. भागीरथी स्टुलावर मधोमध बसली होती. उजव्या हातात एक दांडी, डाव्या हातात दुसरी. एकाला पुढे नेलं की दुसरा मागे राही, मग ती त्याला आणायला वळे.

"जमत नही," मागे न बघता ती म्हणाली. "एकला पडस तो."

मयुरीने चपला काढल्या आणि दुसरं स्टूल ओढलं. आयुष्यात ती हा खेळ कधीच खेळली नव्हती. लाल गड्याची दांडी घ्यावी म्हणून तिने हात पुढे केला, पण आईने ती सोडली नाही, निळ्याची सोडली. मयुरीने निळ्याची दांडी धरली. गडी अडखळत दोन पावलं पुढे गेला.

भागीरथी पडद्याकडेच पाहत होती. "हळू जाय," ती म्हणाली, मयुरीला नव्हे. "इतला वखत कोठे व्हता?"

मयुरी त्याला पुढे चालवत राहिली.