मधला सिलिंडर

सिल्वासाला शिक्षक होतो तेव्हा माझ्या जुन्या, तीन सिलिंडरच्या गाडीचा मधला सिलिंडर सारखा बंद पडायचा. नाक्यावरचा खानदेशी मेकॅनिक मात्र दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करी. एकेका प्लगची वायर काढायची, मान तिरकी करून ऐकायचं. इंजिनाचा आवाज बदलला नाही, की तो सिलिंडर बंद.

"अहो, मधलाच आहे! किती वेळा सांगू?" एका रविवारी मी ओरडलोच.

"सर, तपासल्याबिगर मी कोनाले मेलेला म्हनत नाही."

मास्तर मी, आणि शिकवतोय हा! त्यात नेमका बंद निघाला तिसरा. चरफडत घरी आलो.

सोमवारी गणिताच्या तासाला शेवटच्या बाकावरच्या मुलीला फळ्याशी बोलावलं. 'ढ' म्हणून वर्षभरात तिला मी एकही गणित घातलं नव्हतं.