दोरीअण्णांचा चौकोन

दोरीअण्णा वळसा घालत नसत. समोर काटेरी कुंपण असो, शेणखताचा ढीग असो की मुंग्यांचं वारूळ, पूर्वेला जायचं म्हणजे पूर्वेलाच जायचं. एकदा शेतात नेमका वाटेत बैल बसला होता. मी म्हटलं, "अण्णा, बाजूनं जाऊ या की." अण्णांनी खांद्यावरची दोरी बांधावर ठेवली, तिथंच फतकल मारली आणि म्हणाले, "उठेल तो आपणहून. त्याला काय ऑफिस आहे? स्वल्प थांब." बैल उठेपर्यंत माझा डबा खाऊन झाला होता.

अण्णांना जाऊन आता काही महिने झाले. मला अजून रडू आलेलं नाही. बेंगळुरूतल्या बसवनगुडीतून सकाळी निघते, होसकोट्याच्या पलीकडच्या आमच्या कृषी कार्यालयात जाते, बियाण्याच्या पिशव्या वाटते, संध्याकाळी परत येते. आई म्हणते, "एवढा बापासारखा माणूस गेला आणि तू दगडासारखी." असेन दगड. दुखलं तर सांगेन म्हणते, पण दुखत नाही. नुसतं बधिर आहे. दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर ओठ असतो तसं.

त्यांचं खरं नाव वेगळं होतं, ते पगाराच्या कागदापुरतं. गावं त्यांना त्यांच्या दोरीवरून ओळखत. कन्नडमध्ये दोरीला जो शब्द आहे तो मराठी घरात पानावर बसून उच्चारायची सोय नाही, म्हणून मी दोरीअण्णा म्हणायला लागले आणि तेच रूढ झालं. अण्णांचं घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या होसकोट्याकडचं. कार्यालयात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. साहेबांबद्दल काही बोलायचं असलं की ती फार सोय होती.

ती दोरी पीक कापणीची. सुगीच्या आधी मोबाइल काही शेतं निवडतो आणि प्रत्येक शेतासाठी आकडे देतो: कोपऱ्यापासून इकडे इतकी पावलं, तिकडे इतकी. तिथं खुंट्या ठोकायच्या, दोरीनं चौकोन आखायचा, तेवढ्यातलं पीक कापून, मळून, वजन करायचं. अशा थोड्या चौकोनांवरून सगळ्या पंचायतीचं पीक ठरतं आणि पीक बुडालं की नाही, विमा द्यायचा की नाही, तेही त्यावरूनच ठरतं. आकडे मोबाइल देतो, पण पावलं आपली असतात. चौकोन आखून झाल्यावर फोटो काढला की मग मात्र जागा पक्की. फोटो काढेपर्यंत सगळं आपल्या हातात. कुणी चार पावलं इकडे टाकली तर वरच्याला काय कळणार? अण्णांना मात्र कळत असे, आणि तेवढं पुरे होतं.

'साधारण' हा शब्द त्यांना खपत नसे. शेतकरी विचारत, "अण्णा, पाऊस येईल ना?" कार्यालयातले बाकीचे "येईल, येईल" म्हणून मोकळे. अण्णा म्हणत, "मला ठाऊक नाही." मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, जरा धीर द्यायला काय जातं?" तर म्हणाले, "खोटा धीर देऊन त्याला पेरायला लावायचं आणि आपण बसमध्ये बसून घरी जायचं. सरी काय, बरोबर काय ते?" तरी लोक त्यांच्याच टेबलापाशी गर्दी करत. माती तपासायला आणत, मुलीचं स्थळ विचारायला येत, सुनेशी भांडण झालं तरी येत. इतकं तोंडावर बोलणाऱ्या माणसाकडे लोक पुन्हा पुन्हा का येतात, हे कोडं मला कधी सुटलं नाही.

एकदा आम्हाला शहरात, कोरमंगलाला पाठवलं, बाल्कनीतल्या भाजीपाल्याचं शिबिर घ्यायला. पुण्याहून आलेला एक आयटीवाला मुलगा मराठी ऐकून खूश झाला. "अंकल, अ‍ॅक्च्युअली मला ऑर्गॅनिक टोमॅटो ग्रो करायचेत, बेसिक टिप्स द्या ना." अण्णांनी त्याची बाल्कनी बघितली, वर बघितलं, समोरची इमारत बघितली. "इथं ऊन नाही. टोमॅटो येणार नाही. पुदिना लाव." मुलगा हिरमुसला. "अंकल, थोडं पॉझिटिव्ह बोला ना." "पुदिना पॉझिटिव्हच आहे की," अण्णा म्हणाले. महिनाभरानं त्या मुलाचा फोन आला, पुदिना मावेनासा झालाय, काय करू? अण्णांनी त्याला चटणीची कृती सांगितली, मिठासकट.

कार्यालयापासून जवळच्याच एका गावात त्यांची मोठी बहीण राहायची. राधक्का. नवरा गेलेला, मुलगा बेंगळुरूत कॅब चालवतो, जमीन ही एकटी बघायची. त्या गावात काम असलं की जेवण राधक्कांकडे. वाफाळती मुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचा गोळा, वर पावट्याचं सारू, आणि सोबत शिव्या. "तम्मा, वाळलास बघ. ही पोरगी तुला उपाशी ठेवते काय?" तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. निवृत्तीला आलेल्या माणसाला कुणी तम्मा म्हणतं ते ऐकायला मला फार आवडायचं. अण्णा मान खाली घालून जेवत आणि ताटातला सारूचा शेवटचा थेंब पुसून घेत.

मग ते कोरडं वर्ष आलं. नाचणी उगवली, गुडघ्याला लागली आणि उभ्या उभ्या करपली. राधक्का जेवायला वाढताना म्हणाल्या, "विमा आला तर बोअरवेल खोल करीन. नाही आला तर शेजारचा गोदामवाला आहेच दारात बसलेला, शेत द्या म्हणून." हसतच म्हणाल्या, पण आम्ही दोघंही हसलो नाही. आणि त्याच हंगामात मोबाइलनं निवडलेल्या शेतांत राधक्कांचं शेत निघालं.

शेत सगळं पांढरं पडलेलं. कणसं हातात धरली तर भुस्सा. फक्त एक कोपरा, गोदामाच्या भिंतीला लागून, हिरवागार. गोदामाची टाकी भरून वाहायची आणि ते पाणी भिंतीवरून नेमकं त्या कोपऱ्यात सांडायचं. तिथली नाचणी कमरेपर्यंत, कणसं मुठीएवढी. अण्णा पावलं मोजत निघाले. मी मागे खुंट्या घेऊन. अर्ध्या वाटेतच मला दिसलं ते कुठं चाललेत. ते थांबले ते त्या हिरव्या कोपऱ्यात.

साक्षीला आलेली गावातली माणसं लांब बांधावर विड्या ओढत गप्पा मारत होती. राधक्का मात्र झपाझपा आल्या. "तम्मा, जरा इकडं सरक."

"आकडा इथं आलाय, अक्का."

"अरे, हे पाणी गोदामाचं आहे. माझं पीक हे नव्हे. माझं पीक ते बघ, ते!" त्यांनी हातानं सगळं शेत दाखवलं. "फोटो काढलास काय अजून?"

"नाही काढला."

"मग?"

राधक्का त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. मीही बघत होते, मनात म्हणत होते, सरका हो, सरका एकदाच, कुणाचं काय जातंय! अण्णांनी मागे न बघता हात पुढे केला. मी खुंटी दिली. ती त्यांनी स्वतः ठोकली. चारही स्वतःच ठोकल्या. राधक्का वळल्या आणि घराकडे चालू लागल्या. बांधावरची माणसं जवळ आली तेव्हा दोरी ताणून झाली होती.

शेऱ्यात अण्णांनी लिहिलं, की इथं गोदामाचं पाणी येतं, हे पीक पावसाचं नव्हे. वर कुणी वाचलं नसणार. त्या एका चौकोनानं पंचायतीची सरासरी वर नेली आणि विमा मिळाला नाही. परत येताना जीपमध्ये मी त्यांना म्हटलं, "काय मिळवलंत?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आज अक्काच्या शेतात सरकलो, तर उद्या दुसऱ्याच्या शेतात कुठल्या तोंडानं उभा राहू?" मला राग आला होता. आजही त्या वाक्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

उन्हाळ्यात राधक्कांनी शेत विकलं. गोदामाची भिंत सरकत सरकत त्यांच्या परसापर्यंत आली. बस त्या रस्त्यानं जाते, मी रोज बघते. निळा पत्रा आहे, बाहेर ट्रक उभे असतात. बघून काही होत नाही.

मला वाटलं होतं, आता गाव अण्णांना उभं करणार नाही. सगळ्यांचाच विमा गेला होता. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी जीपमधून उतरायलाच घाबरत होते. पण झालं उलटंच. लोकांनी बसायला चटई टाकली, ताक आणून दिलं. मुनियप्पा नावाचा एक म्हातारा शेतकरी, त्याचा तर शब्द गावात शेवटचा, तो म्हणाला, "तुमची काय चूक, अण्णा? मशीननं, त्या मोबाइलनं, धरून ठेवलं तुम्हाला."

"मशीन नाही," अण्णा म्हणाले. "मी."

मुनियप्पा हसला. "बघा, किती साधा माणूस! सगळं अंगावर घेतो."

पुढच्या खेपेलाही तेच. कुणी मशीनचं नाव काढलं की अण्णा म्हणणार, मशीन नाही, मी. आणि लोक कौतुकानं माना डोलावणार. खरं सांगून ज्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही असा माणूस मी तेवढा एकच पाहिला. मग एके दिवशी तळ्याच्या काठावर मुनियप्पानं त्यांना बाजूला घेतलं, काहीतरी सांगितलं. अण्णा बराच वेळ पाण्याकडे बघत उभे राहिले. त्या दिवसापासून त्यांनी ते म्हणणं सोडलं. कुणी "मशीननं केलं" म्हटलं की गप्प बसत. मला वाटलं, कंटाळले. माणूस कशालाही कंटाळतो.

राधक्का मात्र बोलत नव्हत्या. आमची जीप दिसली की ओट्यावरून उठून आत जायच्या. अण्णा त्यांच्या घरासमोरच्या करंजाच्या झाडाखाली जीप लावायला सांगत आणि तिथं बसून डबा खात. सारखं तेच झाड. मी म्हणायची, "अहो, जा की आत. दारात उभे राहिलात तर हाकलतील काय?" ते म्हणत, "बोलावल्याशिवाय कसं जायचं?" ज्या माणसानं आयुष्यात कुठल्या कुंपणाला विचारलं नाही, तो त्या एका उंबऱ्यापाशी अडला. निवृत्त झाल्यावरही महिन्यातून एकदा बसनं यायचे आणि झाडाखाली बसून जायचे. मी ऑफिसातून डबा घेऊन तिथं जायची. आम्ही पावसाबद्दल बोलायचो.

थंडीत, पावट्याच्या दिवसांत, ते झोपेतच गेले. तेराव्याला राधक्का आल्या होत्या. कुणाशी न बोलता मागच्या अंगणात बसून पावटे सोलत होत्या. पुढच्या खोलीत मुनियप्पा माझ्याजवळ येऊन बसला. "पाप," तो म्हणाला. इकडे पाप म्हणजे बिचारा. "किती दिवस सगळं स्वतःवर घेत होते. शेवटी मीच तळ्याकाठी सांगितलं, अहो, तुमची अक्का तिथं हजर होती. मशीन हलू देत नव्हतं हे तिनंच घरोघर जाऊन सांगितलंय. तुम्ही कशाला उगाच बदनाम होता? तेव्हा कुठं गप्प बसले."

मी उठून मागं गेले. राधक्कांच्या समोर बसले, एक शेंग घेतली, सोलली.

"गावाला तुम्ही सांगितलंत, मशीननं केलं म्हणून?"

त्यांनी वर बघितलं नाही. "मग काय करायचं होतं? त्याला कोण पाणी देणार होतं गावात? तो खोटं बोलत नव्हता, मग घरातल्या कुणीतरी बोलायला नको?"

"आणि तुम्ही त्यांच्याशी बोलायचं सोडलंत."

"ते गावाचं झालं. हे माझं. माझं शेत गेलं, पोरी. राग येणार नाही काय मला?" शेंगा सोलणारे हात चालूच होते. "त्याला काय ठाऊक म्हणा, मी काय सांगत फिरले ते. बरंच झालं. ठाऊक असतं तर गावभर जाऊन खोटं पाडलं असतं मला."

तळ्याकाठची ती दुपार मला तेव्हा समजली. मी म्हटलं, "ठाऊक होतं, अक्का. मुनियप्पानं त्यांना सांगितलं होतं. त्या दिवसापासून त्यांनी खरं सांगणं बंद केलं. तुमचा शब्द खोटा पडू नये म्हणून गप्प बसले."

राधक्कांचे हात थांबले. मग मांडीवरचं सूप बाजूला सारलं आणि तोंडावर पदर धरून अशा रडल्या की पुढच्या खोलीतली माणसं धावत आली.

"मग आत का नाही आला ग तो?" त्या म्हणत होत्या. "येऊन येऊन त्या झाडाखाली बसायचा मेला. मी आतून बघायची. दाराला कडी कधी घातली होती मी?"