पाचव्या लेनमधलं वजन

ती कामाला होती त्या लॉन्ड्रीत आणि मैदानावरही सगळे तिला पुन्हाबाई म्हणायचे. इस्त्री बंद करायची, कुलूप लावायचं, जिना उतरायचा आणि अर्ध्या वाटेतून परत वर, इस्त्री खरंच बंद आहे का बघायला. बंदच असायची, दर वेळी! नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा ही मागेच वळून बघतेय."

आणि अशा बाईकडे स्टेडियममध्ये अडथळ्यांच्या शर्यतीचे हर्डल लावायचं काम! सुट्टीच्या दिवशी शाळांच्या शर्यतींना मदतीला जाता जाता ती शिकली, आणि आता जगभरातून खेळाडू आलेल्या स्पर्धेत निळं जॅकेट घालून उभी होती. काम तसं सोपं. पुरुषांची शर्यत झाली की बायकांसाठी हर्डलची आडवी पट्टी खाली घ्यायची, हर्डल खुणेवर ठेवायचा आणि त्याच्या दोन्ही पायांवरची वजनं आत सरकवायची. वजन बाहेरच राहिलं तर हर्डल ठोकर लागूनही पडत नाही. मग धावणारीच पडते, भिंतीवर आपटल्यासारखी.

सकाळीच तिने उगाच लाल झेंडा दाखवून एक फेरी थांबवली होती. सगळं जागच्या जागी निघालं. हर्डल लावणाऱ्यांचे प्रमुख जाम तापले. "बाई, अजून एकदा असं झालं तर जॅकेट काढून द्यायचं आणि कायमचं घरी बसायचं. कळलं?"

"कळलं साहेब."

आता बायकांची फायनल. हर्डल लागले, सगळे कडेला आले. शेजारी एक वेल्डर, तोही सुट्टीत याच कामावर, तिच्या पुढच्या ओळीचे हर्डल त्याच्याकडे. तो कुजबुजला, "काय पुन्हाबाई, आज गॅस बंद करून आलीस ना?"

"गप रे मेल्या."

ती हसली खरी, पण नजर परत आपल्या ओळीकडे गेली. पाचव्या लेनमध्ये ती डावं वजन सरकवत होती तेव्हा कॅमेऱ्याची वायर पायात आली होती. वायर सोडवली. मग उजवं वजन? सरकवलं? हाताला काही आठवेचना.

धावणाऱ्या पोरी रेषेपाशी ब्लॉकला पाय लावून बसल्या. स्टेडियम चिडीचूप. पाचव्या लेनमधली पोरगी मान खाली घालून बोटं रेषेमागे नीट लावत होती.

सरकवलं असणार ग. नेहमी सरकवतेसच की. पण इस्त्री निदान कापडच जाळते, हे तर गुडघा...

तिने झेंडा वर केला.

बंदूक उडवणाऱ्या स्टार्टरने सगळ्यांना उभं केलं. हूऽऽ करून अख्खं स्टेडियम ओरडलं. ती धावत गेली, वाकली. उजवं वजन अगदी जागेवर! डावंही! तिला वाटलं, जमीन फाटून आपल्याला पोटात घेईल तर बरं. पाचव्या लेनमधली पोरगी कमरेवर हात ठेवून तिच्याकडे नुसती बघत होती.

परत आली तेव्हा प्रमुखांनी फक्त हात पुढे केला. तिने तिथेच जॅकेट काढून दिलं.

धडाम! बंदूक वाजली. सगळ्या सुसाट. आणि तिच्याच ओळीत, पाचव्याच लेनमध्ये, पोरीचा पाय सणसणून आडव्या पट्टीवर बसला. हर्डल निमूट आडवा झाला. पोरगी भेलकांडली, हात फिरवले, सावरली, पुढचा हर्डल ओलांडून पळत सुटली. शेवटून दुसरी आली, पण स्वतःच्या पायांवर आली. पुन्हाबाईने आडव्या पडलेल्या हर्डलकडे वळून पाहिलं.

"एवढं करून वजन होतं तर बरोबरच," प्रमुख म्हणाले.

"हो साहेब. पण मला माहीत नव्हतं ना."

त्यांनी जॅकेट घडी करून काखेत मारलं. परत दिलं नाही.

ती पिशवी उचलून निघाली. पुढच्या शर्यतीचे हर्डल लावून झाले होते, सगळे कडेला येत होते. वेल्डरही आला, थांबला आणि एकदम मागे वळला. आपल्या ओळीपाशी जाऊन एकेक वजन चाचपून बघायला लागला.

"अरे, आता तुला काय झालं?" प्रमुख ओरडले.

"काही नाही साहेब," तो वाकलेलाच बोलला, "पुन्हा बघतोय."