अनवाणी माळी

धुळ्याच्या नगरपालिकेत मी कारकून होतो, तेव्हा बागेचे म्हातारे माळी मला रोज भेटत. आम्ही त्यांना नुसतं नाना म्हणायचो. बोलणं मोजकं, तेही आधी झाडांबद्दल. "गुलाब बरा शे," असं सांगून झालं की मग माझी विचारपूस करायचे.

एका उन्हाळ्यात अध्यक्षांनी हुकूम काढला, की हिरवळ खराब होते म्हणून अनवाणी माणसांना बागेत सोडायचं नाही. पाटी मीच लिहिली. गिरणीच्या चाळीतल्या बायका लेकरांना घेऊन दारावरूनच परत जाऊ लागल्या. त्यांना सावलीची तेवढी एकच जागा होती.

दुसऱ्या दिवशी नाना दाराबाहेर बसलेले दिसले.

"नाना, झाडांना पाणी?"

"मी बी अनवाणीच शे, भाऊ," भेगाळलेली पावलं पुढे करत ते म्हणाले. "मझार कसा जाऊ?"

"अहो, नोकरी जाईल!"

ते हसून तिथंच बसून राहिले.

चौथ्या दिवशी हिरवळ पिवळी पडली आणि अध्यक्ष तणतणत आले. नानांनी उठून हात जोडले, पण जागचे हलले नाहीत. "पाटी बठ्ठासले लागू शे ना, साहेब? मंग मले बी."

अध्यक्षांनी त्यांच्या भेगाळलेल्या पायांकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "काढा ती पाटी."

मी ती इतक्या घाईने उखडली की हाताला खिळा लागला. संध्याकाळी अख्खी चाळ बागेत लोटली. नाना नळी धरून उभे होते. पाणी हिरवळीवर कमी आणि खिदळणाऱ्या लेकरांवरच जास्त पडत होतं.