खुलीच हाय जी

कवडूचं नाव पेपरात आलं, ते त्याला मीच दाखवलं. शाळेची घंटा झाली होती, म्हणून नावावर बोट ठेवलं, पाठ थोपटली आणि वर्गात गेलो. पुढची बातमी वाचून दाखवायचा मला कंटाळा आला. त्या कंटाळ्याबद्दल मी स्वतःला कधी माफ करणार नाही.

समुद्रपूरकडच्या आमच्या गावात कवडू सालदार होता. छप्पनला त्याच्या वस्तीने दीक्षा घेतली, तरी गावच्या विहिरीवर त्यांना मज्जाव तो मज्जावच. बायका नाल्यातल्या झिऱ्यातून वाटीवाटीने घागर भरत आणि दरड चढून येत. कवडूच्या बायकोला, कौशल्याबाईला, सातवा महिना लागला होता. "तुह्या बाळंतपणाआधी वस्तीत विहीर आणतो," असं कवडूने तिला सांगून टाकलं होतं. सरकारी विहिरीसाठीचा अर्ज मीच लिहून दिला होता.

तेवढ्यात शहरातून एक बातमीदार आला. रस्त्यात कवडू भेटला. "गावची विहीर खुली आहे ना?"

मागल्या साली त्या बिनकठड्याच्या विहिरीत पाटलाचा बैल पडला होता. कवडूच्या डोक्यात तोच.

"खुलीच हाय जी, पैल्यापासून."

बातमीदाराने लिहून घेतलं. पाणी कोण भरतं, हे पाहायला तो थांबला नाही.

पेपरात आपली तक्रारच आली, असं समजून कवडूने कात्रण बंडीच्या खिशात घातलं आणि मोठ्या ऐटीत कचेरी गाठली. बाबूने मोठ्यांदा वाचलं, "विहीर सर्व जातींना खुली: कवडू." मग अर्ज बाजूला सारला. "तूच सांगतोस. दुसरी विहीर कशाला?"

"कठडा नाई, असं म्हनलो जी मी!"

"छापलंय ना पण?"

मी पेपरला खुलासा धाडला. एक नाही, तीन. एकही छापला नाही. पाटील मात्र तो अंक येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होता.

महिनाभराने कौशल्याबाई भरल्या घागरीसकट दरडीवरून घसरली. मूल गेलं. ती वाचली, एवढंच.

तिसऱ्या दिवशी कवडू शाळेत आला. मुलं बसली होती. त्याने घामाने मऊ पडलेलं कात्रण माझ्या टेबलावर उलगडलं.

"मास्तर, मले पूरं वाचून दाखवा. त्या दिवशी राह्यलं होतं."

मी वाचलं. तो शेवटच्या ओळीपर्यंत उभा होता.